बंडाची उचल

व्यवस्थेविरुद्ध गाणाऱ्या कलावंताने बड्या कंपनीशी करार केला की ‘विकला गेला’ असा शेरा मारून मोकळे होणे सोपे असते. त्या कराराचे अर्थशास्त्र पाहण्याची तसदी मात्र क्वचितच घेतली जाते.

लंडनच्या ‘द क्लॅश’ या पंक रॉक वाद्यवृंदाने जानेवारी १९७७ मध्ये सीबीएस कंपनीशी एक लाख पौंडांचा करार केला. रक्कम डोळ्यांत भरणारी खरी; परंतु ती मजुरी नव्हती, उचल होती. या धंद्याची रीतच अशी की ध्वनिमुद्रणाचा खर्च कलावंताच्या मानधनातून वळता होतो, आणि मूळ ध्वनिफितीवर मालकी राहते ती बहुधा कंपनीची! त्याच वर्षी कंपनीने वाद्यवृंदाला न विचारता ‘रिमोट कंट्रोल’ हे गाणे स्वतंत्र तबकडीवर काढले. त्याच्या निषेधार्थ ‘कम्प्लीट कंट्रोल’ हे गाणे रचले गेले. तेही कंपनीनेच छापले आणि विकले. भांडवलाला शिव्यांचे वावडे नसते. खप असला म्हणजे झाले.

पहिल्या संग्रहाचे ध्वनिमुद्रण ओबडधोबड आहे, या सबबीवर कंपनीच्या अमेरिकन शाखेने तो प्रसिद्ध करण्याचे नाकारले होते. तरीही आयात केलेल्या सुमारे एक लाख प्रती तेथे खपल्या. साहजिकच दुसऱ्या संग्रहासाठी, नोव्हेंबर १९७८ मध्ये निघालेल्या ‘गिव्ह एम इनफ रोप’साठी, सँडी पर्लमन हा अमेरिकन निर्माता आला. लंडनमध्ये सुरू झालेले काम सॅन फ्रान्सिस्को आणि न्यूयॉर्कपर्यंत लांबले. आवाज गुळगुळीत झाला, ढोल पुढे आले आणि जो स्ट्रमरचा गळा, म्हणजे ज्यात आशय होता तोच, मागे पडला. ब्रिटनमध्ये संग्रह दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढला; ज्या अमेरिकेसाठी एवढी रंगसफेदी केली, तेथे मात्र पहिल्या शंभरातही आला नाही.

म्हणून हे तरुण विकले गेले होते काय? याच संग्रहाच्या वर्षी, ३० एप्रिल १९७८ रोजी, व्हिक्टोरिया पार्कमधील वंशवादविरोधी मेळाव्यात ते हजारो श्रोत्यांपुढे गायले. १९७९ च्या आरंभी अमेरिकेत प्रचारदौरा निघाला, तेव्हा त्यांनी बो डिडली या ज्येष्ठ कृष्णवर्णीय कलावंताला सोबत घेतले. रॉक संगीत ज्यांच्या श्रमांवर उभे राहिले, त्यांचे ऋण ते विसरले नव्हते. निष्ठा शाबूत होती, परंतु उत्पादनाची साधने परक्या हाती होती. १९८० मध्ये ‘सँडिनिस्टा!’ या संग्रहाच्या तीन तबकड्या सामान्य श्रोत्याला स्वस्तात मिळाव्यात, असा त्यांनी आग्रह धरला. कंपनीने तो मानला. मात्र ब्रिटनमधील पहिल्या दोन लाख प्रतींवरील मानधन वाद्यवृंदाला सोडावे लागले.