माहुल, गव्हाणपाडा, वाशीनाका परिसरातील रहिवाशांना जाहीर आवाहन



आपल्या वस्तीला लागूनच हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियमच्या रिफायनऱ्या आहेत. स्टॅनव्हॅक (पुढची एस्सो) आणि बर्मा शेल या कंपन्यांनी १९५०च्या दशकात त्या उभारल्या, १९७०च्या दशकात सरकारने ताब्यात घेतल्या. आपल्यातल्या कित्येकांची चूल त्यांच्यावरच पेटते. पण ८ ऑगस्ट २०१८ची दुपार आठवा. भारत पेट्रोलियमच्या हायड्रोक्रॅकर विभागात स्फोट झाला, चाळीसहून अधिक जण जखमी झाले. तसं पुन्हा घडलं तर पोराबाळांना घेऊन कुठल्या दिशेला जायचं, हे तुमच्या घरात कुणाला माहीत आहे?

हे आपल्याला आधीच सांगितलं गेलं पाहिजे. घातक रसायनांविषयीच्या १९८९च्या केंद्रीय नियमांनुसार धोका कसला आहे आणि अपघातात काय करायचं, याची माहिती कुंपणाबाहेरच्या लोकांना देणं बंधनकारक आहे. कुंपणाबाहेरच्या आपत्कालीन आराखड्याची वर्षातून निदान एकदा रंगीत तालीमही घ्यावी लागते. ती तालीम वस्तीतल्या माणसांना सोबत घेऊन व्हावी, आणि माहिती मराठी-हिंदीत प्रत्येक इमारतीच्या जिन्यात लागावी, अशी आमची मागणी आहे.

तोवर एवढं घरात सर्वांना सांगून ठेवा. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालू किंवा बंद करू नका, काडी पेटवू नका, गाडीला किक मारू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो नाल्यात, गटारात, तळघरात साचतो, म्हणून सखल जागी थांबू नका. वाळत घातलेल्या कपड्यांवरून वारा कुठून येतो ते पाहा आणि वाऱ्याला आडवं चालत दूर व्हा. कुजक्या अंड्यासारखा वास एकाएकी येईनासा झाला, तर गॅस गेला असं समजू नका. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. आजारी आणि म्हाताऱ्या माणसांना कोण उचलणार, हे मजल्यावर आजच ठरवा.

विशाखापट्टणमच्या सरकारी रिफायनरीत सप्टेंबर १९९७ मध्ये एलपीजी गळतीनंतर लागलेल्या आगीत पन्नासहून अधिक माणसं गेली. आपल्याकडे तर इमारती कुंपणाला खेटून आहेत.

प्रत्येक सोसायटीने आणि गावठाणाने मुंबई उपनगरच्या जिल्हाधिकाऱ्यांना लेखी पत्र देऊन आराखडा आणि तालमीची तारीख मागावी, पोच जपून ठेवावी. वास आला तर लगेच सुरक्षित जागी जाऊन पालिकेच्या १९१६ किंवा अग्निशमन दलाच्या १०१ वर कळवा. शेजाऱ्याने कळवलं असेल, असं गृहीत धरू नका.

आपले,
परिसरातील रहिवासी