पीळ जात नाही, मग घालवायचा कशाला?

दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट होती, तेव्हा १९५०च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक नागरिकावर वंशाचा शिक्का बसत असे. कातडीच्या रंगावरून निकाल लागेना, की अधिकारी त्या माणसाच्या केसांत पेन्सिल खोचून पाहत. पेन्सिल घसरून पडली तर तो ‘गोरा’, अडकून राहिली तर नाही. कुठे राहायचे, कोणत्या शाळेत जायचे, कोणाशी लग्न करायचे, हे सारे त्या शिक्क्यावर ठरे.

ती राजवट १९९४ मध्ये गेली. ‘सरळ केस म्हणजे चांगले केस’ ही समजूत मात्र जगभर टिकून आहे आणि तिची किंमत बायका आपल्या प्रकृतीने चुकवत आहेत. म्हणूनच आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांनी आपल्या दाट कुरळ्या केसांसाठी पिढ्यानपिढ्या जपलेल्या ‘ट्विस्ट’ या साध्या केशरचनेविषयी आरोग्याच्या सदरात लिहायला हवे. तिच्याकडे केवळ फॅशन म्हणून पाहणे ही चूक आहे. ती मुळात केसांची निगा राखण्याची पद्धत आहे.

आधी केस कुरळा का होतो ते पाहू. त्याचे उत्तर टाळूच्या आत आहे. केसाचे मूळ ज्या पिशवीत रुजलेले असते ती सरळ असेल तर केस सरळ उगवतो, आकड्यासारखी वाकलेली असेल तर वळत वळत बाहेर येतो. सरळ केसाचा आडवा छेद साधारण गोल, तर घट्ट कुरळ्या केसाचा चपटा, लंबवर्तुळासारखा असतो. प्रथिन मात्र दोन्हींत एकच, केराटिन. म्हणजे कुरळ्या केसात काही बिघडलेले नसते. उलट, २०२३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आलेला एक प्रयोग सांगतो की, असे केस उन्हात कामी येतात. संशोधकांनी शरीराइतक्या तापवलेल्या पुतळ्याच्या डोक्यावर वेगवेगळ्या केसांचे टोप बसवून वरून उन्हासारखे दिवे सोडले. डोक्यात शिरणारी उष्णता सर्वांत कमी केली ती घट्ट कुरळ्या केसांनी. आफ्रिकेच्या उन्हात माणसाचा मेंदू मोठा होत असताना हे केस उपयोगी पडले असावेत, असा त्यांचा तर्क आहे.

या रचनेच्या दोन अडचणीही आहेत. टाळूतून स्रवणारे तेल सरळ केसावरून सहज शेवटपर्यंत ओघळते. कुरळ्या केसावर त्याला प्रत्येक वळणावर अडखळावे लागते. म्हणून टाळू तेलकट असली तरी टोके कोरडी राहतात. दुसरे, जिथे केस वळतो तिथेच तो कच्चा असतो. शेजारचे केस एकमेकांत अडकून गाठी पडतात आणि कोरड्या केसांतून फणी ओढली की ते मधेच तुटतात. ‘माझे केस वाढतच नाहीत’ अशी तक्रार अशा वेळी ऐकू येते. केस मुळाशी वाढतच असतात, पण टोकाशी तेवढेच तुटत असतात.

ट्विस्ट या दोन्ही अडचणींवर उतारा आहे. आपली नेहमीची वेणी तीनपेडी, ट्विस्ट दुपेडी. केसांच्या बटेचे दोन पेड करायचे आणि दोरी वळतात तसे ते एकमेकांवर वळत न्यायचे. डोक्यावर अशा वीस-तीस किंवा त्याहूनही जास्त बटा होतात. पिळात बांधलेले केस एकमेकांत गुंतत नाहीत, टोके आत दडून राहतात, ओल लवकर उडत नाही आणि मुख्य म्हणजे रोज फणी लागत नाही. आपल्याकडच्या जटेशी याची गल्लत करू नये. जट म्हणजे न विंचरलेल्या केसांचा न सुटणारा गुंता. ट्विस्ट हा गुंता होऊ नये म्हणून घातलेला पीळ असतो आणि तो हवा तेव्हा सोडवता येतो.

करण्याची रीत सोपी असली तरी क्रम महत्त्वाचा आहे. केस धुऊन कंडिशनर लावावा. ओले असतानाच बोटांनी किंवा रुंद दातांच्या फणीने आधी टोकाचा, मग वर वर सरकत मुळापर्यंतचा गुंता काढावा. मग भाग पाडून पीळ घालावा आणि केस पूर्ण वाळू द्यावेत. यामागे रसायनशास्त्र आहे. पाण्याने केसातील हायड्रोजन बंध सुटतात आणि केस वाळताना ज्या आकारात असतो त्या आकारात ते पुन्हा जुळतात. म्हणून वाळल्यावर पीळ सोडला की एकसारखी, मोकळी वळणे हाती येतात. पुन्हा पाणी लागले की केस मूळ रूपात. रात्री डोक्याला सॅटिनचा रुमाल बांधला की उशीच्या सुती अभ्ऱ्याशी होणारे घर्षणही टळते.

आता दुसरा मार्ग पाहा. केस सरळ करणारी तीव्र रसायने हायड्रोजन बंधांवर थांबत नाहीत. केसाला बळ देणारे गंधकाचे बंधच ती तोडतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने ३३,४९७ स्त्रियांची जवळपास ११ वर्षे पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. केस सरळ करणारी उत्पादने कधीच न वापरणाऱ्या स्त्रियांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण १.६४ टक्के, तर वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के असल्याचा अंदाज निघाला. हा संबंध आहे, कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही आणि एकूण धोकाही मोठा नाही, हे सांगायलाच हवे. पण ही उत्पादने वापरणाऱ्यांत सुमारे ६० टक्के स्त्रिया कृष्णवर्णीय होत्या. धोका कोणाच्या वाट्याला येतो, हे त्यातून कळते.

‘फॉर्मल्डिहाइडमुक्त’ अशा चिठ्ठीनेही निश्चिंत होऊ नये. २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २६ वर्षांच्या एका तरुणीची नोंद प्रसिद्ध झाली. तिने सलूनमध्ये तीनदा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. त्या मलमात ग्लायऑक्सिलिक आम्ल होते. उंदरांच्या कातडीला ते मलम लावले, तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडांत ऑक्झॅलेटचे स्फटिक सापडले.

म्हणून ट्विस्ट म्हणजे रामबाण असे मात्र नाही. पीळ फार घट्ट घातला, वरून जड कृत्रिम केस जोडले किंवा महिनोन्महिने तसाच ठेवला, तर ओढ बसून कपाळाच्या कडेचे आणि कानशिलांवरचे केस विरळ होतात. सुरुवातीला ओढ थांबवली तर ते परत येतात, उशीर झाला तर मुळेच नष्ट होतात. केप टाऊनमधील २००७च्या एका पाहणीत जवळपास एक तृतीयांश प्रौढ आफ्रिकी स्त्रियांत या प्रकारचे केस गळणे आढळले. रसायनाने सरळ केलेल्या केसांवर ओढ बसली की धोका आणखी वाढतो. पीळ घातल्यावर डोके दुखले किंवा कडेला पुरळ उठले, तर तो सैल करावा. दोन-तीन आठवड्यांनी सोडून केस धुवावेत.

इतके सगळे ठाऊक असूनही स्त्रिया रसायनांकडे का वळतात? कारण पुष्कळदा निवड त्यांच्या हाती नसते. ट्विस्ट घालून मुलाखतीला गेले तर ‘नीटनेटकी नाही’ असा शेरा मिळण्याची भीती असते. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने केसांवरून होणाऱ्या भेदभावाला कायद्याने बंदी घातली. त्या कायद्यात ट्विस्टचा नाव घेऊन उल्लेख आहे. पुढे वीसहून अधिक राज्यांनी असे कायदे केले. मला तो नागरी हक्कांइतकाच सार्वजनिक आरोग्याचाही कायदा वाटतो. शाळा किंवा कचेरी मुलीला तिच्या केसांसकट स्वीकारत नसेल, तर तिला ‘रसायने टाळा’ असे सांगून काय उपयोग?

आपल्याकडे इतके घट्ट कुरळे केस थोड्यांचेच. तरी जंजिऱ्याच्या इतिहासातून आपण ज्यांना ओळखतो ते सिद्दी आफ्रिकी वंशाचेच आणि यल्लापूर-हल्याळकडचे सिद्दी कोकणी बोलतात. बाकी लाटदार-कुरळे केस घरोघरी आहेत. त्यांच्यावर कोरडी फणी ओढणे, शाळेच्या शिस्तीखातर दोन कडक वेण्या घालणे आणि लग्न ठरले की ‘स्ट्रेटनिंग करून घे’ म्हणणे, हे आपलेच उद्योग. केस गळतात म्हणून आलेल्या मुलीला गोळ्या लिहून देण्याआधी डॉक्टरांनी ‘केस बांधतेस कसे आणि त्यांना लावतेस काय?’ एवढे विचारले, तरी बरेच निदान तिथेच होईल.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण आपण हट्टी माणसाला हिणवण्यासाठी वापरतो. केसांच्या बाबतीत ती शब्दशः खरी आहे. कितीही रसायने ओता, मुळातून उगवणारा नवा केस पीळ घेऊनच येतो. हे भांडण टाळूशी आहे आणि त्यात टाळू हरत नाही. तेव्हा ते सोडून द्यावे आणि मुलीला तिचे केस सांभाळायला शिकवावे.