बायपासनंतर फुंकर नको, श्वास आत घ्या

छातीवरची जखम भरत आली की बायपासचे काम संपले, असे आपल्याकडे समजले जाते. परभणी जिल्ह्यातले अनेक रुग्ण या ऑपरेशनसाठी छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा पुण्याला जातात आणि काही दिवसांनी जिंतूर, गंगाखेड, सेलूला घरी परततात. पिशवीत गोळ्या, फाईल आणि तीन चेंडूंचे प्लास्टिकचे यंत्र असते. गोळ्या वेळेवर घेतल्या जातात. यंत्र कपाटावर जाते. माझ्या मते ही मोठी चूक आहे, आणि ती एकट्या रुग्णाची नाही.

आधी कारण समजून घ्या. बायपासमध्ये बहुधा छातीचे मधले हाड कापून तारेने पुन्हा जोडतात. दुखते म्हणून तुम्ही वरवर श्वास घेता. मग फुफ्फुसाच्या खालच्या भागातले हवेचे बारीक फुगे मिटतात, कफ साचतो आणि न्यूमोनिया होऊ शकतो.

या यंत्राला स्पायरोमीटर म्हणतात. त्यात फुंकर मारायची नसते. ताठ बसा, श्वास सोडा, नळी ओठांत घट्ट धरा आणि सावकाश हवा आत ओढा. चेंडू दोन-तीन सेकंद वर राहू द्या. सुरुवातीच्या दिवसांत जागे असताना दर तासाला साधारण १० वेळा, मध्ये विसावा घेत, हे करा. चक्कर आली तर थांबा. तिन्ही चेंडू उचलण्याची शर्यत नको. नंतर छातीवर उशी दाबून धरा आणि खोका, म्हणजे दुखणे कमी होऊन कफ सुटतो.

भेटायला येणारे कपालभाती, भस्त्रिका सुचवतील. हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात. तोवर असे जोराचे प्रकार सर्जनला विचारल्याशिवाय करू नका.

आता आम्हा डॉक्टरांची बाजू. हा व्यायाम अनेकदा ऑपरेशननंतर, रुग्ण गुंगीत असताना शिकवला जातो. ऑपरेशन तातडीचे नसेल तर तो आधीच, घरच्या एका माणसासमोर शिकवावा आणि डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहून द्यावा. तसे होत नसेल तर भरती होतानाच मागणी करा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन मोफत होईल, श्वास मात्र तुम्हालाच घ्यायचा आहे.

ताप, पिवळा कफ, वाढती धाप, जखमेतून पाणी किंवा हाडात कटकट जाणवली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.