जुनी गिटार आणि जंगलाचे कायदे

वस्तू जुनी झाली की तिचे मोल उतरते, हा बाजाराचा सर्वसाधारण नियम आहे. विजेवर वाजणाऱ्या गिटारने हा नियम कधीच मानला नाही. १९५० साली अमेरिकेतील फेंडर कंपनीने भरीव लाकडाची विद्युत गिटार बाजारात आणली, १९५२ साली गिब्सन कंपनीची ‘लेस पॉल’ आली आणि १९५४ साली फेंडरची ‘स्ट्रॅटोकास्टर’. त्या काळात कारखान्यातून बाहेर पडलेली वाद्ये आज मूळ किमतीच्या कितीतरी पटींनी विकली जातात. ‘पिंक फ्लॉइड’ या वाद्यवृंदातील डेव्हिड गिल्मर यांची काळी स्ट्रॅटोकास्टर जून २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली. ही किंमत अर्थातच वाद्यापेक्षा वादकाच्या कीर्तीची होती. परंतु ज्यांचे नाव कोणी ऐकलेले नाही अशा हजारो वादकांच्या साध्यासुध्या गिटारीही एका हातातून दुसऱ्या हातात जात असतात आणि नव्या मालकाकडे पूर्वीइतक्याच सुरेलपणे वाजत असतात.

पूर्वी हा व्यवहार गावातील वाद्यांच्या दुकानात, फार तर वर्तमानपत्रातील छोट्या जाहिरातींतून होई. गिऱ्हाईक दुकानात येई, वाद्य मांडीवर घेई, तारा छेडून पाही आणि मगच पैसे मोजी. इंटरनेटने हे चित्र पालटले. १९९५ साली ईबे सुरू झाले आणि जुन्या वस्तूंना जगभरचे गिऱ्हाईक मिळू लागले. २०१३ साली शिकागोमध्ये खास वाद्यांसाठी ‘रिव्हर्ब’ नावाची बाजारपेठ निघाली. २०१९ साली एट्सी कंपनीने ती २७ कोटी ५० लाख डॉलरला विकत घेतली आणि २०२५ साली ती पुन्हा दुसऱ्या मालकांकडे गेली. एवढी रक्कम जिच्यावर लागते ती उलाढाल केवळ हौशी लोकांचा खेळ मानता येणार नाही. ओहायोतील माळ्यावर धूळ खात पडलेले वाद्य ओसाकातल्या किंवा लंडनमधल्या वादकाच्या हाती पोहोचविणारी ती एक व्यवस्था आहे.

या व्यवस्थेचा एक गुण फारसा कोणी बोलून दाखवीत नाही. जुनी गिटार विकली जाते तेव्हा त्या विक्रीसाठी झाड पडत नाही. साठ वर्षांपूर्वी जे झाड पडले त्याच्याच लाकडातून आणखी एका माणसाची हौस आणि उपजीविका भागते. वनसंपदेची खरी काळजी असणाऱ्यांनी अशा व्यापाराचे स्वागत करावयास हवे. प्रत्यक्षात जंगल वाचविण्यासाठी केलेल्या कायद्याचा बडगा या व्यापारावर बसला, आणि त्याचा काही भाग अजूनही बसतो आहे. त्यामागील हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. नेम मात्र चुकला, हे स्पष्टपणे सांगणे अगत्याचे आहे.

हे समजण्यासाठी गिटारची घडण थोडी पाहावी लागते. गिटारच्या मानेवर, जेथे वादकाची डाव्या हाताची बोटे फिरतात, तेथे पडदे बसविलेली एक पट्टी असते. तिला फ्रेटबोर्ड म्हणतात. ही पट्टी कठीण, घट्ट आणि घामाने न कुजणाऱ्या लाकडाची लागते. गिब्सनने आरंभापासून आणि फेंडरने १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यासाठी ब्राझीलमधील शिसवीची निवड केली. तेथील जंगले ओसरू लागली तशी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात कारखानदार भारतीय शिसवीकडे वळले. आपल्याकडे शिसवी पलंग आणि शिसवी कपाटे ज्या झाडापासून होत आली तेच हे झाड. सह्याद्रीत आणि दक्षिणेकडील जंगलांत वाढणाऱ्या त्या वृक्षाचा एक हातभर तुकडा जगातील असंख्य गिटारींच्या मानेवर बसला आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. तेव्हा गिटारच्या प्रवासाचा प्रश्न पाश्चात्त्यांचा म्हणून आपल्याला सोडून देता येणार नाही.

दुर्मीळ प्राणी आणि वनस्पती यांच्या व्यापाराचे नियमन करणारा ‘सायटेस’ हा आंतरराष्ट्रीय करार १९७३ साली झाला, १९७५ मध्ये तो अमलात आला आणि पुढच्याच वर्षी भारत त्यात सामील झाला. या कराराने १९९२ साली ब्राझिलियन शिसवीला परिशिष्ट १ मध्ये घातले, म्हणजे तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळजवळ बंद केला. त्या जंगलाची अवस्था पाहता हे योग्यच होते. पुढे चीनमधील तांबड्या लाकडाच्या फर्निचरची मागणी प्रचंड वाढली आणि आग्नेय आशिया, मादागास्कर, पश्चिम आफ्रिका येथील जंगलांवर चोरट्या तोडीचे संकट कोसळले. एका जातीवर निर्बंध घातले की चोर दुसऱ्या जातीकडे वळत, आणि लाकूड कोणत्या जातीचे हे नाक्यावरच्या अधिकाऱ्याला ओळखता येत नसे. म्हणून २०१६ साली जोहान्सबर्ग येथील परिषदेने शिसवीच्या कुळातील उरलेल्या सगळ्या जाती एकदम परिशिष्ट २ मध्ये घातल्या. २ जानेवारी २०१७ पासून हा निर्णय लागू झाला.

येथे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार घडला. त्या दिवसापासून शिसवीची पट्टी असलेली कोणतीही गिटार विकून देशाबाहेर पाठवावयाची तर सरकारी प्रमाणपत्र आवश्यक ठरले. गिटार नवी असो की चाळीस वर्षांची, फरक नाही. वादक ती स्वतःच्या वापरासाठी बरोबर नेत असेल तर १० किलोपर्यंत सूट होती. परंतु तीच गिटार त्याने परदेशातील गिऱ्हाइकाला विकली की तिच्यासाठी अर्ज, शुल्क आणि प्रतीक्षा आली. फ्रेटबोर्डचे लाकूड भरते किती? सुमारे ५० सेंटिमीटर लांब, ७ सेंटिमीटर रुंद आणि सेंटिमीटरभराहूनही कमी जाड अशी ही पट्टी असते. तिचे वजन पाव किलोच्या आसपास जाते. एका मोठ्या शिसवी पलंगात अशा शेकडो पट्ट्या मावतील. मोठ्या कारखान्याला कागदपत्रांसाठी स्वतंत्र कारकून नेमता येतो. घरातील एक वाद्य विकून दुसरे घेऊ पाहणाऱ्या माणसाने काय करावे? अनेकांनी सोपा मार्ग पत्करला आणि परदेशी गिऱ्हाइकाला नकार दिला.

कारखानदारांनीही वाट शोधलीच. फेंडरने २०१७ मध्ये मेक्सिकोत बनणाऱ्या आपल्या नेहमीच्या गिटारींवर शिसवीऐवजी दक्षिण अमेरिकेतील ‘पाऊ फेरो’ हे लाकूड बसविण्यास सुरुवात केली. म्हणजे एका झाडावरील भार दुसऱ्या झाडावर गेला. अखेर ऑगस्ट २०१९ मध्ये जिनिव्हा येथील परिषदेला चूक उमगली आणि तयार वाद्ये, त्यांचे सुटे भाग व उपांगे यांना सूट देण्यात आली. २६ नोव्हेंबर २०१९ पासून ती अमलात आहे. जवळजवळ तीन वर्षे जो जाच झाला त्याने किती झाडे वाचली, याचा हिशेब मांडण्याचा प्रयत्न केला तर हाती फारसे काही लागेल असे वाटत नाही.

यावर वनरक्षणाचे कैवारी एक आक्षेप घेतील, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. वाद्यांना मोकळीक दिली तर वाद्यांच्या नावाखाली चोरटे लाकूड सरकेल, असे त्यांचे म्हणणे. वाद्यनिर्मितीचा धंदा सोवळा नाही हे खरेच आहे. अमेरिकेच्या लेसी कायद्याच्या कक्षेत २००८ साली लाकूड आले. त्यानंतर २००९ मध्ये मादागास्करमधील एबनीवरून आणि २०११ मध्ये भारतातून गेलेल्या शिसवी व एबनीच्या पट्ट्यांवरून गिब्सनच्या कारखान्यांवर छापे पडले. २०१२ साली कंपनीने तीन लाख डॉलर दंड आणि वनसंवर्धनासाठी पन्नास हजार डॉलर देऊन हे प्रकरण मिटविले. भारतीय पट्ट्यांचे वर्गीकरण निर्यातीच्या नियमांत नेमके कसे करावे, याचा गोंधळ मात्र तेव्हाही मिटला नव्हता. परंतु या प्रकरणातून कोणता धडा निघतो? कायद्याने कारखान्याच्या दारात, जेथे कच्चे लाकूड उतरते तेथे पाहिले, म्हणून त्याला काहीतरी सापडले. तेथेच पाहावयास हवे. परवाना कुऱ्हाडीकडे मागावा. अर्धशतक वाजत आलेल्या वाद्याकडे तो मागून जंगलाला काहीच लाभ नाही.

२०१९ च्या सुटीने सगळे प्रश्न संपले असे मात्र कोणी समजू नये. ब्राझिलियन शिसवी आजही परिशिष्ट १ मध्येच आहे आणि ही सूट तिला लागू नाही. ज्या गिटारींना सर्वाधिक मागणी, त्या १९५० आणि १९६० च्या दशकांतील वाद्यांवर नेमके तेच लाकूड असते. वडिलांच्या पश्चात अशी गिटार वाट्याला आलेल्या माणसाला ती परदेशात विकावयाची झाली तर लाकूड कराराच्या आधीचे आहे हे त्याने सिद्ध करावे, अशी कायद्याची अपेक्षा असते. साठ वर्षांपूर्वीची पावती कोणाच्या घरात सापडणार? २०१३ साली सायटेसने वाद्यांसाठी एक स्वतंत्र प्रमाणपत्र सुरू केले. ते तीन वर्षे चालते आणि वादकाला वाद्य घेऊन अनेक देशांत जाता येते. परंतु ते मालकाच्या नावाने आणि बिगर-व्यापारी प्रवासासाठी असते, विक्रीला त्याचा उपयोग नाही.

यावर उपाय अशक्य आहे असे नाही. वाद्याची एकदा तज्ज्ञाकडून तपासणी करावी, त्याचा अनुक्रमांक, छायाचित्रे आणि लाकडाची जात यांची नोंद करावी आणि ती नोंद मालकाऐवजी वाद्याबरोबर फिरावी. मालक बदलला की नोंदीत एक ओळ वाढेल, नवा अर्ज लागणार नाही. बनावट जुन्या गिटारी बाजारात येतात हे नाकारता येत नाही, पण अशी नोंद त्या ठकबाजीलाही आवर घालील. सरसकट बंदीपेक्षा बारकाईने भेद करता येतो हे २०२२ साली पनामा परिषदेत दिसून आलेच आहे. तेथे भारताच्या आग्रहावरून शिसमच्या वस्तूंबाबत एक स्पष्टीकरण मान्य झाले. प्रत्येक वस्तू १० किलोच्या आत असेल तर एका खेपेत कितीही वस्तू परवान्याविना पाठविता येतात. हस्तव्यवसायावर जगणाऱ्या आपल्या कारागिरांना त्याचा लाभ झाला. जो विवेक लाकडी डब्याला दाखविला तो जुन्या वाद्याला दाखविण्यास हरकत कोणती?

कायद्याकडून विवेकाची अपेक्षा करणाऱ्या या व्यापाराने स्वतःचे घरही साफ ठेवले पाहिजे. जुने लाकूड वाचवितो असा दावा करावयाचा आणि तेच लाकूड वाटेत मोडू द्यावयाचे, हे परस्परविरोधी आहे. गिब्सनच्या गिटारचे शीर, म्हणजे जेथे खुंट्या असतात तो भाग, मागे झुकलेले असते आणि मान महोगनीची असते. पेटी पाठीवर आपटली की खुंट्यांच्या वजनाने शीर मागे हिसडते आणि मानेच्या अरुंद जागी तडा जातो. पेटीला बाहेरून ओरखडाही नसतो आणि आत वाद्य मोडलेले असते. उपाय साधा आहे. तारा थोड्या सैल कराव्यात, शिराच्या खाली आणि भोवती मऊ पण घट्ट भरण द्यावे, पेटीतील सुट्या वस्तू काढून घ्याव्यात आणि पेटी दुसऱ्या भक्कम खोक्यात बसवावी. फेंडरची मान तर स्क्रूंनी जोडलेली असते, ती सोडवून वेगळी पाठविता येते. थंड प्रदेशातून वाद्य आले तर घेणाऱ्याने पेटी दिवसभर न उघडता ठेवावी. जुन्या रोगणाला अचानक उष्णता सोसत नाही, त्यावर बारीक चिरा पडतात. हे सगळे अर्ध्या तासाचे काम आहे, आणि ते टाळल्याने पन्नास वर्षांचे वाद्य जाते.

वर्णनातील प्रामाणिकपणाचेही तसेच. दूरच्या गिऱ्हाइकाला वाद्य हाती घेऊन पाहता येत नाही, विक्रेत्याचा शब्द हाच त्याचा डोळा. जुळविलेला तडा, बदललेले भाग, नव्याने दिलेला रंग हे जो लपवितो तो एका माणसाला फसवितोच, शिवाय सगळ्या बाजाराचा विश्वास पोखरतो. ज्या बाजारपेठा प्रत्येक विक्रीतून आपला हिस्सा घेतात त्यांची जबाबदारी येथे मोठी आहे. रिव्हर्बने २०२० साली आपले शुल्क साडेतीन टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर नेले. वर्णनाशी न जुळणारे वाद्य परत करण्याची सोय अशा बाजारपेठा देतात, ही चांगली गोष्ट आहे. परंतु वाद निपटण्यापेक्षा तो उद्भवू न देणे श्रेयस्कर. मानेच्या आणि शिराच्या मागच्या बाजूची छायाचित्रे व बांधणीचा पुरावा दिल्याखेरीज महागडे वाद्य विक्रीस लावू नये, एवढा नियम त्यांना आजच करता येईल. लाकडाच्या जातीची नोंदही तेथेच सुरू करता येईल.

सायटेसच्या परिषदा साधारणपणे तीन वर्षांनी भरतात. शिसवीच्या झाडाशी आणि शिसवीच्या कारागिराशीही ज्याचा संबंध आहे असा आपला देश या प्रश्नावर अधिकाराने बोलू शकतो. पनामात त्याने आपल्या कारागिरांसाठी जे मागितले त्याच न्यायाने जुन्या वाद्यांसाठी फिरत्या नोंदीची मागणी त्याने मांडावी. त्यामुळे एकाही उभ्या झाडाला धोका पोहोचणार नाही, आणि पडलेल्या झाडाचे लाकूड वाजत राहील.