हाताच्या साबणाची मजुरी कोण खातो?

आपल्या समाजातील घरगुती उद्योगांचा विषय निघाला की शिवणकाम, जरीकाम, बेकरी, मसाले आणि लोणची यांची नावे लगेच पुढे येतात. साबणाचे नाव कोणी घेत नाही. वास्तविक शहरांतील मोहल्ल्यांत आणि कोकणातील गावांत आज घरच्या घरी अंगाचा साबण बनवून विकणारी माणसे आहेत आणि त्यांत भगिनींचा भरणा मोठा आहे. प्रदर्शनात टेबल मांडावे, अत्तराच्या किंवा जनरल स्टोअर्सच्या दुकानात चार डझन वड्या ठेवाव्यात, ईदला भेटीचे डबे भरून द्यावेत, असा त्यांचा धंदा चालतो. माल चांगला असतो, गिऱ्हाईकही परत येते. मात्र हिशेब मांडला तर बनविणाऱ्याच्या हातात काहीच उरत नाही. हे का घडते, याचा विचार साबण बनविणाऱ्यांइतकाच तो विकणाऱ्या आपल्या दुकानदार बंधूंनीही करावा, म्हणून हा लेख.

प्रथम कामाचे स्वरूप पाहू. तेल, पाणी आणि कॉस्टिक सोडा या तीन वस्तूंपासून साबण होतो. प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा असतो. एक किलो खोबरेल तेलाला सुमारे १८३ ग्रॅम, पाम तेलाला १४१ आणि एरंडेलाला १२८ ग्रॅम सोडा पुरतो. समजा ५०० ग्रॅम खोबरेल, ४०० ग्रॅम पाम आणि १०० ग्रॅम एरंडेल असा एक किलोचा घाणा धरला, तर पूर्ण हिशेबाने १६० ग्रॅमच्या आसपास सोडा येतो. जाणता कारागीर त्यातून पाच टक्के कमी करतो, म्हणजे थोडे तेल साबणात शिल्लक राहते आणि कातडी ओढल्यासारखी होत नाही. येथे अंदाजाला जागा नाही. ग्रॅम दाखविणारा काटा नसेल त्याने या धंद्यात पडू नये. सोडा नेहमी पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर ओतायचे नाही. भांडे स्टीलचे किंवा जाड प्लॅस्टिकचे असावे. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात सोडा पडला की पातेले खाल्ले जाते आणि पेट घेणारा वायू निघतो. घरात लहान मुले असतील तर हे काम ती झोपल्यावरच करावे लागते. पुष्कळ भगिनी म्हणूनच इशानंतर साबणाला बसतात.

साचा भरल्यावर दुसऱ्या दिवशी वड्या कापायच्या आणि फळीवर चार ते सहा आठवडे वाळवायच्या. ही वाळवण म्हणजे या धंद्यातला खरा खर्च आहे, आणि तो कोणत्याही बिलात दिसत नाही. कोकणात पावसाळ्यात तर सहा आठवडेही पुरत नाहीत. साबणात राहिलेले ग्लिसरीन हवेतील ओल ओढते आणि वड्यांना घाम फुटतो. तेल जुने असेल तर नारिंगी ठिपके पडून वास येतो आणि आख्खा घाणा कपडे धुण्याकडे जातो. मोठे कारखाने हे ग्लिसरीन बहुधा वेगळे काढून विकतात. हाताच्या साबणात ते तसेच राहते, म्हणून तो अंगाला मऊ लागतो. त्याच कारणाने त्याचा टी.एफ.एम.चा आकडा कारखान्याच्या पहिल्या प्रतीच्या साबणाइतका, म्हणजे ७६ टक्क्यांपर्यंत, सहसा जात नाही. काही गिऱ्हाईक हल्ली हा आकडा विचारतात, त्यांना हे शांतपणे समजावून सांगावे.

आता वजनाचे पाहा. वर सांगितलेल्या घाण्यात तेल एक किलो, सोडा दीडशे ग्रॅम आणि पाणी सव्वातीनशे ग्रॅम धरले तर एकूण सुमारे १४७५ ग्रॅम माल होतो. त्याच्या १४ वड्या कापल्या तर ओली वडी १०५ ग्रॅम भरते आणि वाळल्यावर ९२ ते ९५ ग्रॅमवर येते. काहीजण ओल्या वडीचे वजन करून वेष्टनावर १०० ग्रॅम छापतात. वेष्टनबंद मालाच्या २०११ च्या नियमांत साबणासारख्या आटणाऱ्या वस्तूला ‘पॅक करतेवेळचे वजन’ असे लिहिण्याची सवलत आहे, हे खरे. ती सवलत पॅक केल्यानंतर सुटणाऱ्या ओलीसाठी आहे. घरी वाळवताना उडणारे पाणी गिऱ्हाईकाला विकण्यासाठी ती नाही. मापात कमी देणाऱ्यांविषयी कुरआनात एक स्वतंत्र सूरह, सूरह मुतफ्फिफीन, आहे, ते आपण सारे जाणतो. माझ्या मते कारागिराने वडी पुरती वाळल्यावरच तोलावी आणि ९० ग्रॅम भरली तर ९० लिहावे. शंभराचा आकडा नसला म्हणून गिऱ्हाईक पळून जात नाही.

लेबलाची दुसरी बाजू म्हणजे ‘हलाल’ हा शब्द. कारखान्याच्या साबणावर ‘सोडियम टॅलोएट’ असे लिहिले असेल तर त्यात जनावराची चरबी आहे असे समजावे. नापाक चरबी साबणात पूर्ण बदलून गेल्यावर पाक होते काय, यावर फिकहच्या ग्रंथांत जुनी चर्चा आहे. हनफी उलेमांचा फतवा असा साबण पाक असल्याकडे झुकतो, शाफई मसलकात मात्र हा बदल मोजक्याच गोष्टींत मान्य आहे. आपल्या महाराष्ट्रात कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई आणि घाटावरचे बहुतांशी हनफी असल्यामुळे एकाच दुकानात दोन्ही विचारांचे गिऱ्हाईक उभे असते. वनस्पती तेलाचा साबण करणाऱ्याला या वादात पडण्याचे कारणच नाही. ‘फक्त वनस्पती तेले’ असे लिहून तेलांची नावे द्यावीत, एवढे पुरे. त्याऐवजी कलौंजी, मध, खजूर यांची चित्रे छापून ‘सर्व त्वचारोगांवर शिफा’ असे लिहिण्याची जी लाट आली आहे, ती मला मुळीच पसंत नाही. कलौंजीचे तेल घाण्यात चमचाभर घालायचे आणि सोड्याच्या भट्टीतून गेल्यावरही ते इसब बरे करील असे सांगायचे! रोग बरा करण्याचा दावा केला की कायद्याच्या नजरेत ती वस्तू सौंदर्यप्रसाधन राहत नाही, औषध ठरते. दीनच्या नावावर माल खपविल्याचा ठपका येतो तो वेगळाच.

तयार बेस वितळवून साच्यात ओतणारेही ‘हॅण्डमेड’ हाच शब्द वापरतात. ते काम वाईट नाही, त्यातही रंग, सुवास आणि साच्याची कारागिरी आहे. पण ज्याने सोडा हाताळला आणि सहा आठवडे फळी अडवली, त्याच्या शेजारच्या टेबलावर दुसऱ्या दिवशी तयार झालेली वडी त्याच नावाने निम्म्या भावात विकली जाते, तेव्हा मार पहिल्यालाच बसतो. बेसचा साबण असेल तर तसे सांगावे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. समजा वरच्या घाण्याला तेल, सोडा, सुवास आणि कागद धरून ४२० रुपये खर्च आला, म्हणजे वडीमागे ३० रुपये. दुकानदार म्हणतो, ४० ला दे, मी ८० ला विकतो. चौदा वड्यांचे ५६० आले, खर्च जाता १४० उरले. मोजणे, ढवळणे, कापणे, उलटणे, गुंडाळणे याला मिळून तीन तास धरले तर तासाला ४६ रुपये पडले. त्यात वीज नाही, रिक्षाभाडे नाही, फुकट गेलेला घाणा नाही. त्यातच दुकानदाराने दोन वड्या ‘खपल्या नाहीत’ म्हणून परत दिल्या की उरले ६० रुपये, म्हणजे तासाला वीस. हेच दर जर कोणी शिवणकाम करणाऱ्याला देऊ केले तर तो मशीन झाकून उठेल.

याच्या मुळाशी जाकड आहे. माल जाकडीने ठेवायचा, खपेल तसे पैसे द्यायचे, उरलेला परत करायचा. कापडाच्या धंद्यात ही पद्धत चालते, कारण तेथे दोन्ही बाजूंना भांडवल असते. साबणवालीचे भांडवल म्हणजे एक तेलाचा डबा. सहा आठवडे तो फळीवर अडकतो आणि पुढे तीन महिने दुकानात. साडेचार महिन्यांनी पैसा सुटला तर वर्षात ते भांडवल तीन वेळाही फिरत नाही. त्यात २०२५ साली खोबरेल तेलाने उच्चांकी भाव गाठला तेव्हा मागच्या घाण्याच्या पैशांत पुढच्या घाण्याचे तेल येईना, असा अनुभव अनेकांनी घेतला. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून अंगाच्या साबणाच्या वड्यांवरील जी.एस.टी. १८ वरून ५ टक्क्यांवर आला. गिऱ्हाईकाच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट झाली, पण नोंदणीच्या मर्यादेखालील लहान कारागीर हा कर आधीही लावत नव्हता. त्यामुळे कारखान्याच्या वडीला उतरायला जागा मिळाली आणि याच्या वडीला मिळाली नाही.

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने लहान उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. त्यासाठी लागणारी उद्यम नोंदणी विनामूल्य आहे. उशीर झाल्यास कायदा व्याज देववितो. ते व्याज आपल्याला नको, हे मी समजतो, पण मुदत तर हक्काची आहे? अडचण अशी की जाकडीच्या मालाला विक्रीची तारीखच नसते, मग मुदत मोजायची कुठून? उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, हा हुकूम कुरआनातील सर्वांत लांब आयतीत, सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. आपण मात्र घरच्या ओळखीवर, ‘भाभी, बघू पुढच्या जुम्याला’ अशा शब्दावर व्यवहार करतो. चिठ्ठी मागितली की दुकानदाराला राग येतो आणि न मागितली तर हिशेब बुडतो.

दुकानदारांची बाजू मी विसरलेलो नाही. भाडे त्यांना पडते, नव्या वस्तूची फळी अडते, आणि अनोळखी साबण गिऱ्हाईक पहिल्यांदा हुंगून परतच ठेवते. म्हणून माझे म्हणणे इतकेच की वडी ६० ला घ्यावी, ८० ला विकावी, निम्मे पैसे माल घेताना आणि निम्मे तीस दिवसांत द्यावेत. माल थोडा घ्यावा, डझनच घ्यावा, पण विकत घ्यावा. उन्हाच्या काचेत ठेवून रंग उडालेली वडी परत करू नये. या भावात कारागिराला तासाला १४० रुपये सुटतात आणि दुकानदाराला वडीमागे २० रुपये. कारागिरांनीही आपापसांत भाव पाडण्याचा खेळ बंद केला पाहिजे. एका मोहल्ल्यात पाचजणी साबण करीत असतील तर सोड्याची गोणी आणि तेलाचे डबे एकत्र घ्यावेत.

परवान्याचा प्रश्नही एकत्रच सुटू शकतो. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातून साबणाला असलेली सूट १९८२ च्या दुरुस्तीने गेली. तेव्हापासून विक्रीसाठी अंगाचा साबण बनवायला राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. त्याचे नियम आता २०२० च्या सौंदर्यप्रसाधने नियमावलीत आहेत. स्वतंत्र जागा, तांत्रिक माणूस, बॅच क्रमांकाच्या नोंदी हे एकट्या घराला झेपत नाही. पाच घरांनी मिळून एक खोली घेतली तर झेपण्यासारखे आहे. आज अनेकजण परवान्याविना विकतात, आणि नेमके हेच हेरून काही व्यापारी त्यांचा भाव दाबतात. तक्रार कुठे करणार, हे त्यांना ठाऊक असते.

मोठ्यांशी टक्कर न घेता चालणारा एक माल मात्र आपल्या हाताशी आहे, तो म्हणजे बिनवासाचा साबण. एहरामच्या हालतीत खुशबू वर्ज्य असल्यामुळे हज आणि उमऱ्याला जाणाऱ्या प्रत्येकाला तो लागतो, आणि नेहमीच्या दुकानात सहज मिळत नाही. तो करणे सर्वांत स्वस्त, कारण सुवासाचा खर्च वाचतो. अट एकच की त्याचा साचा आणि ढवळणी वेगळी ठेवावी, कारण सिलिकॉनच्या साच्यात एकदा भरलेला गुलाब दहा धुण्यांनीही जात नाही. टूर चालविणारे बंधू प्रवाशांना पिशवी, छत्री, तस्बीह देतात, त्यात दोन वड्या घालणे त्यांना जड नाही. ही मागणी ठरलेल्या दिवसाची आणि रोख पैशांची आहे. हज दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत असल्याने ज्यांना हा माल करायचा आहे त्यांनी पहिल्या विमानाच्या अडीच महिने आधी घाणा ओतावा आणि टूरवाल्याकडून निम्मी रक्कम व लेखी ऑर्डर त्याच दिवशी घ्यावी.