वारकरी, भगतडुं आणि आपली यादी

पक्षिनिरीक्षणाची सहल ही आता आपल्या मंडळांच्या वार्षिक कार्यक्रमातील नेहमीची बाब झाली आहे. कोजागरी, नाट्यवाचन, व्याख्यानमाला यांच्या जोडीला हिवाळ्यातील एखादा रविवार पाखरांसाठी राखून ठेवला जातो. तरुण मुले पहाटे उठतात, दुर्बिणी गळ्यात अडकवून दिवसभर बांधाबांधाने हिंडतात, याचे आम्हाला मनापासून कौतुक आहे. आमचे भांडण आहे ते सहलीहून परत येणाऱ्या यादीशी.

डभोईजवळच्या वढवाणा तलावावर गेलेल्या अशाच एका सहलीची यादी आमच्यासमोर आहे. मराठी घरांतील मुलांनी, मराठी मंडळाच्या खर्चाने निघालेल्या सहलीत ती लिहिली आहे. दोन पाने भरून नावे आहेत, पण त्यांत मराठी नाव एकही नाही, गुजरातीही नाही. सारी नावे इंग्रजी. तलावाचे नाव तेवढे या मातीतले उरले आहे, आणि तेही रोमन लिपीत.

हा तलाव आपल्याला परका नाही. सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत, १९०९-१०च्या सुमारास, शेतीला पाणी मिळावे म्हणून तो बांधला गेला. त्या पाण्यावर हिवाळ्यात मध्य आशियाकडून बदके उतरू लागली, हिमालय ओलांडून पट्टकदंब येऊ लागले. २०२१ साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत त्याची नोंद झाली. शेतकऱ्यासाठी साठवलेल्या पाण्याला पाखरांमुळे असा जागतिक मान मिळाला. त्या काठावर उभे राहून आपली मुले जे पाहतात, ते सांगायला त्यांच्यापाशी ना घरची भाषा आहे, ना गावची.

यात काय हरवते, ते एकाच पाखरावरून दाखवू. अंग काळे, कपाळावर पांढराशुभ्र टिळा, आणि पाण्यावर मोठ्या जमावाने तरंगणारा असा एक पक्षी या तलावावर हिवाळ्यात भरपूर दिसतो. मराठीने त्याचे नाव ठेवले वारकरी. गुजराती माणूस त्याला म्हणतो भगतडुं, म्हणजे छोटासा भगत. दोन भाषांतील माणसांनी एकच टिळा पाहिला आणि दोघांनाही भक्तच आठवला! भीमेचे वाळवंट आणि ओरसंगचा काठ एका पाखराच्या कपाळावर असे भेटतात. ‘कूट’ एवढेच लिहून पुढे जाणाऱ्या मुलाला यातले काय कळणार?

वारकरी हा काही अपवाद नव्हे. शेपटी सारखी खालीवर आपटत चालणाऱ्या पाखराला मराठीने धोबी म्हटले, तर गुजरातीने दिवाळीघोडो. एका नावात त्याची चाल आहे, दुसऱ्यात त्याच्या येण्याचा काळ. भक्ष्य काट्याला टोचून ठेवणारा तो खाटीक. कावळ्याघारींना पिटाळून लावणारा तो कोतवाल. पावसाच्या तोंडावर पावशा हाक देतो, ती आपल्या शेतकऱ्याला ‘पेरते व्हा’ अशी ऐकू येते. इंग्रजाला त्याच हाकेत डोक्यात चढलेला ताप ऐकू आला आणि त्याने पाखराला ज्वराचेच नाव दिले. ही सारी नावे म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची निरीक्षणे आहेत. निरीक्षणासाठी निघालेल्या मंडळींनी नेमकी तीच टाकून द्यावीत, याला काय म्हणावे?

यावर एक ठरलेले उत्तर मिळते : शास्त्राला निश्चित नाव लागते. अगदी मान्य. पण ते निश्चित नाव म्हणजे लॅटिन वळणाचे द्विनाम. ते खुशाल लिहावे. इंग्रजी नाव हे वारकरी किंवा भगतडुं यांच्याइतकेच लोकभाषेतील नाव आहे. बुलबुल, मैना, सारस, बया ही नावे तर इंग्रजीने आपल्याकडूनच उचलली. ती नावे अढळ आहेत असेही नाही. माणसांच्या नावांवरून पडलेली पक्ष्यांची इंग्रजी नावे बदलण्याचा निर्णय अमेरिकेतील पक्षिशास्त्रज्ञांच्या संस्थेने २०२३ साली जाहीर केला. आणि शास्त्राचाच दाखला हवा असेल, तर सालिम अली व डिलन रिप्ले यांचा दहा खंडांचा ग्रंथ उघडावा. त्यात पक्ष्याच्या वर्णनाबरोबर त्याची स्थानिक नावेही दिलेली आढळतील. सालिम अलींना जे शास्त्राला सोडून वाटले नाही, ते आपल्या सहलप्रमुखांना का वाटावे?

दुसरा आक्षेप असा की, मराठीत एका पाखराला दहा नावे आणि दहा पाखरांना एक. म्हणूनच तर कै. मारुती चितमपल्ली यांनी ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. तो मंडळाच्या कपाटात असावा आणि सहलीला बरोबर न्यावा. खोलीत बसून घडवलेली, कोणाच्याही तोंडी नसलेली जडजंबाल संस्कृत नावे मुलांच्या माथी मारावीत, असे आमचे म्हणणे नाही. जिथे बोलीतले नाव नाही, तिथे इंग्रजी लिहावे. पण जिथे आहे, तिथे ते गाळण्याचा अधिकार कोणालाही नाही.

खरा प्रश्न पाखरांपलीकडचा आहे. पिढ्यान्‌पिढ्या परप्रांतात नांदलेली आपली मराठी हळूहळू घरात आली आहे. देवघर, स्वयंपाकघर आणि वर्षातून चारदा रंगमंच, एवढाच तिचा वावर उरला. उंबऱ्याबाहेरच्या झाडाला, गवताला, पाखराला जिच्यापाशी शब्द नाही, ती भाषा सोवळ्यासारखी सणावारी तेवढी नेसली जाते. आणखी एक कविसंमेलन भरवून हे दुखणे बरे होईल असे समजणाऱ्या आमच्या ज्येष्ठांनी एकदा तलावाच्या बांधावर यावे. तिथे गुरे राखणारा माणूस ‘भगतडुं’ म्हणतो आणि आपला दुर्बीणधारी नातू ‘कूट, कूट’ म्हणून त्याला सुधारतो. ज्यांच्या भूमीत आपण अडीचशेहून अधिक वर्षे राहिलो, त्यांच्या शब्दाची ही अशी संभावना! याला अज्ञान म्हणणे फार सौम्य होईल. हा उर्मटपणा आहे.

बडोद्याला तरी हे शोभत नाही. राज्यकारभारातील शब्दांसाठी येथेच १९३१ साली ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरू’ प्रसिद्ध झाला. इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी आणि इतर भाषांतील शब्द शेजारी शेजारी बसवण्याची दृष्टी त्या संस्थानाला होती. आपल्याला तेवढे मोठे कामही करायचे नाही. यादीच्या कागदावर चार रकाने आखायचे : शास्त्रीय, मराठी, गुजराती, इंग्रजी. इंदूरकरांनी गुजरातीच्या जागी माळवी घ्यावी, बेळगावकरांनी कानडी, हैदराबादकरांनी तेलुगू. सहलप्रमुखाने नाव सांगताना ते का पडले, हेही सांगावे. काठावरच्या गावातील एखाद्या जाणत्या माणसाला दिवसभर बरोबर घ्यावे, आणि त्याने सांगितलेले नाव त्याच्याच उच्चाराप्रमाणे देवनागरीत टिपून घ्यावे.

एवढे करण्याची ज्या सहलप्रमुखाची तयारी नसेल, त्याने स्वतःच्या खर्चाने जावे. रान सर्वांना मोकळे आहे. मंडळाने मात्र एक नियम करावा : ज्या यादीत वारकऱ्याला जागा नाही, त्या यादीला मंडळाच्या अहवालात जागा नाही.