शंभर टक्के, पण कितीजणांचे?

दहावीचा निकाल लागला की आठवड्याभरात डोंबिवली स्टेशनबाहेर, कल्याणच्या शिवाजी चौकात, ठाण्यात नौपाड्याच्या कोपऱ्यावर फलक झळकायला लागतात. 'सलग अमुक वर्षे १०० टक्के निकाल.' खाली टाय लावलेल्या मुलामुलींचे फोटो. भाजीची पिशवी हातात घेऊन आपण क्षणभर थांबतो आणि घरी येऊन म्हणतो, "त्या शाळेचा निकाल काय सुरेख लागलाय!" मीही हेच करत आले. माझ्या धाकट्याची शाळा मी अशाच एका फलकाकडे बघून निवडली, हे आधीच कबूल करून टाकते.

पण गेली काही वर्षं दर जूनमध्ये मी आमच्या भागातल्या एका जुन्या अनुदानित मराठी हायस्कूलमध्ये मदतीला जाते. आयांना प्रवेशाचे, शिष्यवृत्तीचे, जातीच्या दाखल्याचे अर्ज भरून द्यायचे, एवढंच काम. तिथल्या ऑफिसात जनरल रजिस्टर असतं. मुलाचं नाव, जन्मगाव, जात, आधीची शाळा, सगळं त्यात. माझी नणंद याच शाळेत शिकली. तिचं नाव शोधायला म्हणून एकदा जुनं रजिस्टर उघडलं आणि मग उघडतच गेले. तिच्या वेळच्या पानांवर जन्मगावं कशी, तर गिरगाव, दादर, रत्नागिरी, डोंबिवली. मुंबईत जागा परवडेना म्हणून इकडे आलेली, बँकेत, रेल्वेत, मंत्रालयात नोकरी करणारी घरं. अ पासून ई पर्यंत तुकड्या. सकाळचं सत्र, दुपारचं सत्र, तरी जागा मिळायची नाही.

आताच्या पानांवर जालना, परभणी, बीड, जळगाव आहे. मधूनच एखादं आजमगड. वडील नाक्यावर उभे राहतात किंवा रिक्षा चालवतात. आया घरकाम करतात, म्हणजे आपल्याच सोसायट्यांमध्ये भांडी घासतात. मुलं आयरेगाव, कोपर, नेतिवली, पिसवली इथून चालत येतात. तुकड्या राहिल्यात दोन. आपली मुलं इंग्रजी शाळांत गेली आणि आपण सोडलेल्या बाकांवर आपल्याच कामवाल्या मावशींची मुलं येऊन बसली. मग आपणच म्हणायला लागलो, "त्या शाळेचा दर्जा घसरला हो." शिक्षक बरेचसे तेच होते!

दर्जा म्हणजे तरी काय? जरा आकडे बघा. २०१८ साली राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ साली तो एकदम ७७.१० वर आला. २०२० साली परत उडी मारून ९५.३० झाला. दोन वर्षांत महाराष्ट्रातली मुलं आधी ढ आणि मग हुशार झाली का? तर नाही. २०१९ ला अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे २० गुण काढून टाकले होते. पुढच्या वर्षी शाळेने द्यायचे गुण परत आले. २०२१ साली करोनामुळे परीक्षाच झाली नाही, तेव्हा निकाल ९९.९५ टक्के लागला! शाळेकडून मिळणाऱ्या वीस गुणांवर राज्याचा निकाल इतका हलतो. फलकावरच्या आकड्यावरून शाळा जोखताना हे आपल्या लक्षातच येत नाही.

दुसरी गोष्ट, शंभर टक्के म्हणजे बसलेल्यांपैकी शंभर टक्के. बसवलंच नाही त्यांचं काय?

शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही असं ठरलं. २०२३ मध्ये आपल्या राज्याने पाचवी आणि आठवीला परीक्षा आणली, पण त्याआधी वर सरकलेल्या मुलांची पहिली खरी चाळणी नववीतच झाली. आमच्या कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या बहुतेक शाळा प्राथमिकच. तिथून निघालेलं मूल माध्यमिकला अनुदानित शाळेच्या दारात येतं. (ठाणे महापालिका स्वतःच्या माध्यमिक शाळाही चालवते, तेवढं तिचं कौतुक.) वाचायला धड न येणारं मूल आठवी-नववीत हातात पडलं की शिक्षकाने दोन वर्षांत काय काय करायचं?

मग शाळा सोपा रस्ता काढते. मी तो डोळ्यांनी पाहिला. आमच्या संध्याकाळच्या अभ्यासिकेत येणारी एक मुलगी २०२४ मध्ये नववीत दोन विषयांत राहिली. आईला शाळेत बोलावून सांगितलं, "सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा. नाव शाळेत राहणार नाही, पण दहावी होऊन जाईल." आईला वाटलं, सोय केली बिचाऱ्यांनी. बाहेरून बसायचं म्हणजे वर्ग नाही, शिकवणारं कुणी नाही, आणि सकाळी सात वाजता आई कामावर गेली की धाकट्या भावाला सांभाळायला मुलगी घरीच, हे त्या फॉर्मवर कुठे लिहिलेलं नसतं. शाळा सुटलेल्या मुलीचं पुढे काय होतं ते आपल्याला सांगायला नको.

मी आईबरोबर गेले आणि जरा आवाज चढवूनच बोलले. वर्गशिक्षिका चांगल्या होत्या. म्हणाल्या, "ताई, तुमचं पटतं मला. पण निकाल खाली आला की पुढच्या वर्षी प्रवेश कमी. पट घसरला की संचमान्यतेत पद जातं आणि आमच्यातली एक अतिरिक्त ठरते." मला राग गिळावा लागला. त्या मुलीला बाहेर काढायला लावणाऱ्यांत फलक बघून प्रवेश घेणारी मीही होतेच की! शेवटी त्यांनीच पुनर्परीक्षा घेतली, मुलगी पास झाली आणि शाळेतच राहिली.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या जूनमध्ये मुलाच्या प्रवेशाला जाल तेव्हा खिडकीवर एक प्रश्न विचारा. गेल्या वर्षी नववीत किती मुलं होती, आणि त्यातली दहावीला तुमच्याकडून किती बसली? चिडतील कदाचित. "तुम्हाला कशाला हवंय?" म्हणतील. विचाराच. नववीत शंभर आणि दहावीला ऐंशी असतील, तर शंभर टक्क्यांचा फलक कुणाच्या जिवावर लागला ते कळेल. आणि आधीच्या शाळेतून धड वाचता न येता आलेलं मूल जी शाळा पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत नेते, तिच्या बाईंना कधी तरी जाऊन भेटा. त्यांच्या वाट्याला फलक येत नाही.

२०२५ ला राज्यात मुली ९६.१४ टक्के आणि मुलगे ९२.३१ टक्के पास झाले. पाणी भरून, भाकऱ्या थापून मुली पुढे, हे दर वर्षीचंच. आमची मुलगी मात्र त्या ९६ मध्ये नव्हती. गणितात राहिली. तिच्यासारख्या आणखी दोघातिघांमुळे शाळेचा निकाल शंभरावरून खाली आला, आणि त्या वर्षी शाळेने फलक लावला नाही. निकालाच्या दिवशी मला शाळेसमोरून जायचा धीर झाला नाही, खरं सांगते.

जुलैच्या पुरवणी परीक्षेत तिचं गणित सुटलं. गुण किती ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आता ती अकरावी कॉमर्सला आहे. परवा अभ्यासिकेत आली होती, नववीतल्या धाकट्या चुलतबहिणीला घेऊन. तिलाही शाळेने आईला घेऊन बोलावलंय. सोमवारी अकरा वाजता. मी जाणार आहे.